ई-सिगारेटमधील विद्युत घटांची सुरक्षितता

ई-सिगारेट अथवा वेपिंग उपकरणांत पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारे लिथियम-आयन विद्युत घट वापरले जातात. या घटांची निवड, हाताळणी, चार्जिंग, साठवण, वाहतूक आणि विल्हेवाट यांचा विचार ई-सिगारेटमधील विद्युत घटांची सुरक्षितता या विषयात होतो. यांपैकी सर्वाधिक प्रचलित असलेला १८६५० हा दंडगोलाकार घट विजेऱ्या, लॅपटॉप, पॉवर बँक आणि विद्युत वाहने यांतही वापरला जातो. त्यामुळे या विषयातील बहुतेक तत्त्वे सुट्या लिथियम-आयन घटावर चालणाऱ्या कोणत्याही उपकरणाला लागू पडतात. भारतात २०१९ पासून ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांस कायद्याने बंदी आहे. अमेरिकेची संयुक्त संस्थाने व युनायटेड किंग्डम यांसारख्या देशांत मात्र ही उपकरणे नियमांच्या चौकटीत विकली जातात.

ई-सिगारेटच्या वापराचे आरोग्यावर होणारे परिणाम आणि निकोटिनची व्यसनाधीनता हा स्वतंत्र विषय आहे. प्रस्तुत लेख केवळ विद्युत घटांपुरता मर्यादित आहे.

पार्श्वभूमी

आजच्या स्वरूपाच्या ई-सिगारेटचे श्रेय सामान्यतः चिनी औषधनिर्माते होन लिक यांना दिले जाते. त्यांनी हे उपकरण २००३ च्या सुमारास विकसित केले. उपकरणातील धातूच्या तारेच्या वेटोळ्यातून, म्हणजे कॉइलमधून, विद्युत धारा गेली की वेटोळे तापते व त्याला लागून असलेल्या द्रवाचे बाष्पयुक्त धुक्यात रूपांतर होते. हे काम काही सेकंदांतच व्हावे लागते. म्हणून घटाकडून अल्पकाळ, पण मोठी विद्युत धारा मागितली जाते. घड्याळ किंवा दूरनियंत्रकातील घटावर जो भार असतो त्याच्या कित्येक पट भार येथे पडतो आणि सुरक्षिततेचे बहुतेक प्रश्न याच वैशिष्ट्यातून निर्माण होतात.

लिथियम-आयन घटांचा पाया १९७० आणि १९८० च्या दशकांत घातला गेला. एम. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम, जॉन बी. गुडइनफ आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना या कार्यासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये हे घट प्रथम व्यापारी तत्त्वावर बाजारात आणले. कमी वजनात अधिक ऊर्जा साठवण्याच्या गुणामुळे ते जगभर पसरले. अल्प जागेत कोंडलेली ही ऊर्जा अनियंत्रितपणे बाहेर पडल्यास काय घडू शकते, याचा प्रत्यय मोठ्या कंपन्यांनाही आलेला आहे. २००६ मध्ये सोनीने बनवलेल्या घटांत सूक्ष्म धातुकण राहिल्याच्या कारणावरून डेल कंपनीने सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवल्या होत्या.

घट आणि बॅटरी

काटेकोर अर्थाने एका स्वतंत्र एककास 'घट' आणि अनेक घटांच्या जुळणीस 'बॅटरी' म्हणतात. बोलीभाषेत मात्र दोहोंनाही 'सेल' किंवा 'बॅटरी' म्हटले जाते. हा भेद सुरक्षिततेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. लॅपटॉप किंवा पॉवर बँकेतील बॅटरीत घटांसोबत एक संरक्षक मंडल असते. घट प्रमाणाबाहेर चार्ज होऊ लागला, फार रिकामा झाला किंवा त्यातून अतिरिक्त धारा वाहू लागली, तर ते मंडल जोडणी तोडते. सुट्या घटास असे संरक्षण बहुधा नसते.

उपकरणांचे प्रकार

घटाच्या दृष्टीने वेपिंग उपकरणांचे तीन मुख्य प्रकार पडतात.

अंगभूत घट असलेली उपकरणे : यांतील घट वापरकर्त्याला काढता येत नाही. घटाची निवड उत्पादक करतो. वापरकर्त्याची जबाबदारी योग्य चार्जर वापरणे, उपकरण पाण्यापासून व उष्णतेपासून दूर ठेवणे यांपुरती राहते.

नियंत्रित उपकरणे : यांत एक किंवा अधिक सुटे घट बसवले जातात. आतील इलेक्ट्रॉनिक मंडल विभवांतर व शक्ती नियंत्रित करते, कॉइलचा रोध मोजते आणि लघुपरिपथन आढळल्यास प्रवाह बंद करते.

यांत्रिक उपकरणे : ही म्हणजे धातूची नळी, कळ आणि घट एवढीच साधी रचना. यांत कोणतेही इलेक्ट्रॉनिक संरक्षण नसते. कळ दाबताच घट थेट कॉइलला जोडला जातो. किती धारा वाहील हे केवळ घटाचे विभवांतर आणि कॉइलचा रोध यांवर ठरते. विद्युतशास्त्राचे गणित न जाणणाऱ्या व्यक्तीसाठी हा प्रकार सर्वांत धोकादायक मानला जातो.

घटाची रचना

दंडगोलाकार लिथियम-आयन घटात धन विद्युदग्र असलेली अॅल्युमिनिअमची पातळ पट्टी व ऋण विद्युदग्र असलेली तांब्याची पट्टी यांच्यामध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा विभाजक पडदा ठेवून त्यांची घट्ट गुंडाळी केलेली असते. ही गुंडाळी पोलादी डब्यात बसवून त्यात लिथियमचा क्षार विरघळवलेला सेंद्रिय द्रव भरतात. हा द्रव ज्वलनशील असतो. चार्ज होताना लिथियमचे आयन धन बाजूकडून ऋण बाजूकडे व वापर होताना उलट दिशेने जातात.

डब्याच्या वरच्या टोकास धन टोपी असते. अनेक घटांत या टोपीखाली वाढलेल्या दाबामुळे जोडणी तोडणारी व्यवस्था आणि वायू बाहेर सोडणारी झडप असते. लक्षात घेण्याची बाब अशी की, घटाचा तळच नव्हे तर संपूर्ण पोलादी डबा, अगदी वरच्या टोपीच्या कडेपर्यंत, ऋण टोकाशी जोडलेला असतो. धन टोपी आणि ऋण डबा यांमध्ये तेथे जेमतेम एखाद-दोन मिलिमीटरचे अंतर असते. त्यांना वेगळे ठेवण्याचे काम आतील सीलबंद कडा, वरची विद्युतरोधक चकती आणि बाहेरचे पातळ प्लास्टिकचे वेष्टन करते. म्हणून ते रंगीत वेष्टन शोभेसाठी नसून घटाच्या संरक्षणाचा आवश्यक भाग आहे.

आकार आणि नामकरण

घटाच्या नावातील पहिले दोन अंक व्यास आणि पुढचे दोन अंक लांबी मिलिमीटरमध्ये दर्शवतात. शेवटचे शून्य दंडगोल आकार सुचवते. त्यानुसार १८६५० घटाचा व्यास १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असते. २१७०० हा घट २१ मिलिमीटर व्यासाचा व ७० मिलिमीटर लांबीचा असतो. याखेरीज १८३५०, २०७०० आणि २६६५० हे आकारही प्रचलित आहेत.

१४५०० हा लिथियम-आयन घट आकाराने भिंतीवरच्या घड्याळात बसणाऱ्या नेहमीच्या 'एए' सेलसारखा दिसतो. परंतु साध्या सेलचे विभवांतर १.५ व्होल्ट, तर याचे ३.६ ते ३.७ व्होल्ट असते. दिसण्यातील साम्यावरून एकाच्या जागी दुसरा बसवल्यास उपकरण निकामी होऊ शकते. साध्या सेलच्या चार्जरमध्ये लिथियम-आयन घट ठेवणेही धोक्याचे आहे.

रासायनिक प्रकार

आकाराच्या अंकांपूर्वी असलेली अक्षरे घटातील रसायन सांगतात. पहिले अक्षर 'आय' हे लिथियम-आयन प्रकार, दुसरे अक्षर धन विद्युदग्रातील मुख्य धातू आणि तिसरे अक्षर 'आर' हे गोल आकार दर्शवते.

आयसीआर : कोबाल्टयुक्त घट. ऊर्जा साठवण चांगली, परंतु उष्णतेला तुलनेने अस्थिर. मोठ्या धारेच्या उपयोगासाठी योग्य मानले जात नाहीत.

आयएमआर : मँगनीजयुक्त घट. मोठी धारा देण्याची क्षमता व उष्णतेतील स्थैर्य अधिक, परंतु क्षमता कमी.

आयएनआर : निकेलयुक्त मिश्र प्रकार. क्षमता आणि धारा यांचा समतोल साधणारे. सध्या सर्वाधिक प्रचलित.

आयएफआर : लोह-फॉस्फेट घट. उष्णतेला सर्वांत स्थिर. यांचे सरासरी विभवांतर ३.२ व्होल्ट असते व ते सुमारे ३.६५ व्होल्टपर्यंतच चार्ज केले जातात. त्यामुळे त्यांना स्वतंत्र चार्जर किंवा चार्जरवरील स्वतंत्र मांडणी लागते.

पहिल्या तीन प्रकारांचे सरासरी विभवांतर ३.६ ते ३.७ व्होल्ट आणि पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्ट असते. वेष्टनावरील अक्षरे हा घट सुरक्षित असल्याचा पुरावा नव्हे. ती छापणाऱ्याच्या प्रामाणिकपणावरच त्यांची विश्वसनीयता अवलंबून असते.

क्षमता आणि अखंड धारा

घट निवडताना दोन आकडे पाहावे लागतात. पहिला क्षमतेचा. तो मिलिअँपिअर-तासांत दिलेला असतो आणि घट किती काळ पुरेल हे सांगतो. दुसरा अखंड धारेचा. तो अँपिअरमध्ये दिलेला असतो आणि घट प्रमाणाबाहेर न तापता सतत किती धारा देऊ शकेल हे सांगतो. पाण्याच्या टाकीची उपमा दिल्यास, पहिला आकडा टाकीत मावणारे पाणी आणि दुसरा आकडा तिच्या नळातून सुरक्षितपणे सोडता येणारा प्रवाह दर्शवतो. सर्वसामान्य ग्राहक पहिला आकडा पाहून घट घेतो. सुरक्षितता मात्र दुसऱ्या आकड्यावर अवलंबून असते.

एकाच आकारमानाच्या डब्यात हे दोन्ही गुण एकाच वेळी वाढवणे कठीण असते. अधिक धारा देण्यासाठी धातूच्या पट्ट्या जाड व त्यांवरील रसायनाचे थर पातळ ठेवावे लागतात. त्यामुळे ऊर्जा साठवणाऱ्या द्रव्यास जागा कमी उरते. काही परिचित १८६५० घटांच्या उत्पादकांनी दिलेल्या आकड्यांवरून हा व्यस्त संबंध ढोबळमानाने दिसून येतो.

एलजी एचबी६ : १५०० मिलिअँपिअर-तास, ३० अँपिअर
सॅमसंग २५आर : २५०० मिलिअँपिअर-तास, २० अँपिअर
सोनी (पुढे मुराता) व्हीटीसी५ए : २६०० मिलिअँपिअर-तास, २५ अँपिअर
एलजी एचजी२ : ३००० मिलिअँपिअर-तास, २० अँपिअर
सॅमसंग ३०क्यू : ३००० मिलिअँपिअर-तास, १५ अँपिअर
सॅमसंग ३५ई : ३५०० मिलिअँपिअर-तास, ८ अँपिअर

काही वेष्टनांवर 'पल्स' म्हणजे क्षणिक धारेचा मोठा आकडा ठळकपणे छापलेला असतो. ही धारा किती सेकंद, किती विश्रांतीनंतर आणि कोणत्या तापमानाला द्यायची याची सर्वमान्य व्याख्या नसल्याने या आकड्यांची परस्पर तुलना करता येत नाही. उपकरणाची कळ अडकून बसल्यास क्षणिक भाराचे अखंड भारात रूपांतर होते. म्हणून निवड नेहमी अखंड धारेच्या आकड्यावरूनच करावी, असे मानले जाते.

आवश्यक धारेचे गणित

यांत्रिक उपकरण : येथे ओहमचा नियम थेट लागू पडतो. विभवांतरास रोधाने भागल्यास धारा मिळते. घट पूर्ण चार्ज असताना धारा सर्वाधिक असल्याने ४.२ व्होल्ट हाच आकडा धरतात. कॉइलचा रोध ०.५ ओहम असल्यास धारा ८.४ अँपिअर, ०.२ ओहम असल्यास २१ अँपिअर आणि ०.१ ओहम असल्यास ४२ अँपिअर होते. रोधात झालेली ०.१ ओहमची घट नगण्य वाटली तरी धारा तिने दुप्पट झाली, हे शेवटच्या दोन उदाहरणांवरून दिसते. ४२ अँपिअर ही धारा वर दिलेल्या यादीतील कोणत्याही घटाच्या मर्यादेपलीकडची आहे. दोन घट एकापुढे एक, म्हणजे एकसरीत जोडल्यास विभवांतर ८.४ व्होल्ट होते व ०.२ ओहमच्या कॉइलसाठीही प्रत्येक घटातून ४२ अँपिअर धारा वाहते.

नियंत्रित उपकरण : येथे आतील मंडल ठरावीक शक्ती कायम राखते. घट रिकामा होत जातो तसे विभवांतर कमी होते व तीच शक्ती देण्यासाठी धारा वाढते. म्हणून गणित पूर्ण चार्ज घटावर नव्हे, तर उपकरण बंद पडण्यापूर्वीच्या किमान विभवांतरावर करतात. एका घटाचे उपकरण ७५ वॅट शक्तीवर चालवले, किमान विभवांतर ३.२ व्होल्ट आणि मंडलाची कार्यक्षमता ९० टक्के धरली, तर धारा सुमारे २६ अँपिअर होते. तेच उपकरण ४० वॅटवर चालवल्यास ती सुमारे १४ अँपिअर असते. दोन घटांच्या उपकरणात ७५ वॅटचा भार विभागला जाऊन प्रत्येक घटावर सुमारे १३ अँपिअर येतात. उपकरणावर लिहिलेली कमाल शक्ती आणि त्यात बसवलेल्या घटाची मर्यादा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उपकरण ७५ वॅट देऊ शकते म्हणून घटाला ते झेपेलच असे नाही.

दोन्ही बाबतींत, येणारे उत्तर घटाच्या अखंड धारेपेक्षा पुरेसे कमी असावे. घट जुना होत जातो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो व तेवढ्याच धारेला तो अधिक तापतो. म्हणून मर्यादेला टेकून केलेली निवड नव्या घटाला चालली, तरी वर्षभरानंतर चालेलच असे नसते.

बनावट आणि पुनर्वेष्टित घट

१८६५० घट बनवणाऱ्या नामवंत कंपन्यांत सॅमसंग एसडीआय, एलजी, मुराता, पॅनासॉनिक आणि तैवानची मोलिसेल यांचा समावेश होतो. सोनीचा घटनिर्मितीचा व्यवसाय २०१७ मध्ये मुराताकडे गेला. याखेरीज बाजारात असंख्य नावे दिसतात. त्यांतील बरेच विक्रेते स्वतः घट बनवत नाहीत. ते अन्य कंपन्यांचे घट विकत घेऊन त्यांवर आपले वेष्टन चढवतात. अशा पुनर्वेष्टित घटांत चांगले घटही असतात, परंतु आत नेमका कोणता घट आहे आणि तो कोणत्या प्रतीचा आहे हे ग्राहकास कळत नाही. जुन्या लॅपटॉप बॅटऱ्यांतून काढलेले घट नवे वेष्टन चढवून विकले जाण्याचे प्रकारही घडतात.

संशयास्पद घट ओळखण्यास पुढील बाबी उपयोगी पडतात.

अवास्तव क्षमता : नामवंत उत्पादकांच्या प्रचलित १८६५० घटांची क्षमता सामान्यतः ३५०० मिलिअँपिअर-तासांच्या आसपास थांबते. ९९०० मिलिअँपिअर-तास असा आकडा छापलेला घट खोटा समजावा. तेवढी ऊर्जा त्या आकारमानात मावत नाही.

अवास्तव धारा : ३००० मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या १८६५० घटावर अखंड ४० अँपिअर छापलेले असल्यास ते विश्वासार्ह नसते.

वजन : अस्सल घटाचे वजन साधारण ४५ ते ५० ग्रॅम असते. लक्षणीय हलका घट संशयास्पद ठरतो.

छपाई व किंमत : पुसट अक्षरे, चुकीचे स्पेलिंग, सैल वेष्टन आणि बाजारभावापेक्षा फारच कमी किंमत ही धोक्याची चिन्हे होत.

प्रामाणिक छपाईची नक्कल करणे कठीण नसल्याने केवळ बाह्य तपासणीवर विसंबता येत नाही. विक्रेता कोण आहे आणि तो घटाचे मूळ सांगू शकतो का, याला अधिक महत्त्व दिले जाते.

येथे एक मूलभूत अडचण नोंदवणे आवश्यक आहे. अनेक मोठ्या उत्पादकांची भूमिका अशी आहे की, हे घट संरक्षक मंडलासह बॅटरी बनवणाऱ्या उद्योगांसाठी तयार केलेले असून सुट्या स्वरूपात ग्राहकांनी वापरण्यासाठी नाहीत. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये सुटे १८६५० घट विकत घेऊ किंवा वापरू नयेत, असा जाहीर इशारा दिला. त्यामुळे 'सुरक्षित सुटा घट' ही संज्ञा सापेक्ष आहे. योग्य निवडीने धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

अनियंत्रित तापवाढ

घट तापण्याची कारणे अनेक असतात : क्षमतेपेक्षा अधिक धारा, लघुपरिपथन, अतिचार्जिंग, आघाताने आलेला पोचा, उत्पादनातील दोष किंवा बाहेरची उष्णता. तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसच्या सुमारास पोचले की ऋण विद्युदग्रावरील संरक्षक थर विघटित होऊ लागतो आणि त्यातून आणखी उष्णता निर्माण होते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचा विभाजक पडदा वितळतो. पडदा नष्ट झाल्यास दोन्ही विद्युदग्रे एकमेकांना भिडतात. त्यापुढे धन बाजूचे ऑक्साइड विघटित होऊन ऑक्सिजन बाहेर पडतो आणि आतील द्रव पेट घेतो. प्रत्येक टप्पा पुढच्या टप्प्याला लागणारी उष्णता पुरवतो. म्हणून ही क्रिया एकदा सुरू झाली की बाहेरून थांबवणे फार कठीण असते.

घटाची झडप उघडून वायू बाहेर पडला, तर दाब कमी होतो. परंतु घट घट्ट बंद धातूच्या नळीत असेल आणि त्या नळीस वायू निघून जाण्यासाठी छिद्रे नसतील, तर नळीच स्फोटकासारखी फुटू शकते. बाहेर पडणाऱ्या धुरात हायड्रोजन फ्लोराइडसारखे विषारी घटक असू शकतात. तो श्वासावाटे आत जाऊ न देणे आवश्यक असते.

हाताळणी

वेष्टन : वेष्टनावर चीर, खरचटा किंवा वरच्या चकतीस इजा आढळल्यास घट वापरू नये. बाकी घट सुस्थितीत असल्यास योग्य मापाचे नवे वेष्टन चढवता येते. पोचा आलेला, फुगलेला, गळणारा किंवा गंजलेला घट मात्र कायमचा बाद करावा.

खिसा व पिशवी : सुटा घट किल्ल्या, नाणी किंवा अन्य धातूच्या वस्तूंसोबत ठेवणे हे गंभीर भाजण्याच्या दुर्घटनांचे परिचित कारण आहे. धन टोपी आणि डब्याची कडा यांना एकाच वेळी किल्ली टेकली की लघुपरिपथन होते. सुट्या घटासाठी प्लास्टिकचा बंद डबा वापरणे हा यावरील सोपा व अल्पखर्चाचा उपाय आहे.

जोडी : दोन घटांच्या उपकरणात एकाच कंपनीचे, एकाच प्रकारचे, एकाच वेळी घेतलेले घट वापरावेत. ते नेहमी एकत्र वापरावेत व एकत्र चार्ज करावेत. एकसरीत जोडलेल्या घटांतील दुबळा घट आधी रिकामा होतो आणि सबळ घट त्यातून धारा ढकलत राहतो. समांतर जोडणीत विभवांतर असमान असल्यास एका घटातून दुसऱ्यात मोठी धारा वाहते.

दिशा : घट उलटा बसवल्यास काही उपकरणांत लघुपरिपथन होते. धन व ऋण खुणा पाहूनच घट बसवावा.

चार्जिंग

लिथियम-आयन घट आधी स्थिर धारेने व ४.२ व्होल्टपर्यंत पोचल्यावर स्थिर विभवांतराने चार्ज केला जातो. धारा पुरेशी कमी झाली की चांगला चार्जर आपोआप थांबतो. सुट्या घटांसाठी प्रत्येक घटास स्वतंत्र खाचा असलेला बाह्य चार्जर वापरणे श्रेयस्कर समजले जाते. सामान्यतः क्षमतेच्या निम्म्या आकड्याएवढी धारा सौम्य मानली जाते. उदाहरणार्थ, २५०० मिलिअँपिअर-तासांच्या घटासाठी १.२५ अँपिअर.

घट चार्जिंगला लावून झोपणे किंवा घराबाहेर जाणे टाळावे. चार्जर अंथरूण, उशी, कागद यांपासून दूर, न पेटणाऱ्या पृष्ठभागावर ठेवावा. शून्य अंश सेल्सिअसखाली चार्ज केल्यास ऋण विद्युदग्रावर धातुरूप लिथियम साचते. बहुतेक घटांसाठी चार्जिंगची वरची मर्यादा ४५ अंश असते. चंद्रपूर व नागपूर या भागांत मे महिन्यात हवेचे तापमानच ४५ अंशांच्या आसपास जाते आणि उन्हात उभ्या केलेल्या मोटारीत ते त्याहून बरेच अधिक असते. विजेरी किंवा पॉवर बँक अशा जागी ठेवताना याचे भान असणे आवश्यक ठरते.

घट २.५ व्होल्टखाली जाऊ देऊ नये. फार काळ अतिरिक्त रिकाम्या राहिलेल्या घटात तांब्याची पट्टी विरघळू लागते. असा घट पुन्हा चार्ज केल्यास ते तांबे आत भलत्या जागी साचून अंतर्गत लघुपरिपथन होऊ शकते. त्यामुळे 'मेलेला' घट जिवंत करण्याचे घरगुती प्रयोग धोकादायक असतात.

साठवण आणि विमानप्रवास

दीर्घकाळ न वापरायचे घट पूर्ण भरलेले किंवा पूर्ण रिकामे न ठेवता साधारण निम्मे चार्ज करून, थंड व कोरड्या जागी, लहान मुलांच्या हाताला लागणार नाहीत असे ठेवावेत.

विमानप्रवासात सुटे लिथियम घट सामानकक्षात जाणाऱ्या सामानात ठेवता येत नाहीत. ते हातसामानात, टोके झाकून न्यावे लागतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने २०१५ मध्ये ई-सिगारेटनाही हाच नियम लागू केला. सामानकक्षात लागलेली आग वेळेवर लक्षात येत नाही, तर प्रवासी कक्षात ती तत्काळ दिसते व विझवता येते, हे त्यामागील कारण होय.

अपघातांची नोंद

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१६ या काळातील ई-सिगारेटसंबंधी १९५ आगी व स्फोटांच्या घटना नोंदवल्या आहेत. त्यांत १३३ व्यक्तींना इजा झाली व त्यांपैकी ३८ जणांची इजा गंभीर होती. ६१ घटनांत उपकरण किंवा सुटा घट खिशात होता. त्या काळात मृत्यूची नोंद नव्हती. त्यानंतर २०१८ मध्ये फ्लोरिडा व २०१९ मध्ये टेक्सास राज्यात उपकरणाच्या स्फोटामुळे प्रत्येकी एका व्यक्तीचा मृत्यू झाला. एकूण वापरकर्त्यांच्या तुलनेत अशा घटना विरळ असल्या, तरी मांडी, हात आणि चेहरा या अवयवांवरील जखमा खोल असतात.

भारतातील कायदा

भारत सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने संमत केलेल्या कायद्याने अध्यादेशाची जागा घेतली. या कायद्यानुसार ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण, साठवण व जाहिरात यांना मनाई आहे. पहिल्या अपराधास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, तर साठवणुकीसाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशा शिक्षेची तरतूद आहे. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी भाषकांनी मायदेशी येताना हा फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. ज्या देशात ते राहतात तेथे उपकरण कायदेशीर असले, तरी भारतात त्याची आयात कायदेशीर ठरत नाही.

लिथियम-आयन घटांवर मात्र भारतात बंदी नाही. त्यांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक लागू आहे.

आग लागल्यास आणि विल्हेवाट

उपकरणातून 'सुस्स' असा आवाज येऊ लागला, धूर निघाला किंवा ते हातात धरवेना इतके तापले, तर ते ताबडतोब टाकून दूर व्हावे व इतरांनाही दूर करावे. चार्जिंग चालू असल्यास शक्य असेल तर मुख्य कळ बंद करावी. लहान घटाची आग विझवताना भरपूर पाणी वापरल्याने घट थंड होण्यास व आग शेजारच्या घटांत पसरू न देण्यास मदत होते. विझलेला घट पुन्हा पेटू शकतो. भाजल्यास वैद्यकीय उपचार घ्यावेत व जखम लिथियम घटामुळे झाली आहे हे डॉक्टरांना सांगावे, कारण अशा जखमेत रासायनिक दाहाचाही संभव असतो.

बाद झालेले घट घरगुती कचऱ्यात टाकू नयेत. कचऱ्याच्या गाडीत किंवा कचरा वेगळा करण्याच्या जागी ते चेपले वा टोचले गेल्यास आग लागते आणि तिची झळ सफाई कामगारांना सोसावी लागते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकण्यात आली आहे. घट संकलन केंद्रात देण्यापूर्वी त्याच्या दोन्ही टोकांवर विद्युतरोधक चिकटपट्टी लावावी. रिकामा वाटणाऱ्या घटातही लघुपरिपथनाने पेट घेण्याइतकी ऊर्जा शिल्लक असू शकते.